आईचे अकरा सेकंद

मी, साधना आत्माराम शिरोडकर, वय बहात्तर, निवृत्त फिल्म-संकलक, राहणार फ्रँकफर्ट, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाखाली न येता हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. इथल्या कायद्याला एवढे पुरते, साक्षीदार लागत नाहीत. मला लागतात.

१. घर भाड्याचे आहे, त्यावर कुणी डोळा ठेवू नये. केलरमधली, म्हणजे तळघरातली, सायकल शेजारच्या कपिलला. ब्रेक दुरुस्त करा म्हणून दोन वर्षे सांगतोय, आता त्यानेच करावा.

२. बँकेत असेल ते सर्व भाची यामिनीला, म्हणजे धाकट्या भावाच्या मुलीला.

३. माझे दाट कुरळे केस. शाळेत एका सिस्टरने त्यांत पेन्सिल खोचून ती पडत नाही हे अख्ख्या वर्गाला दाखवले होते. वर्ग हसला. इंग्रजी तिने उत्तम शिकवले, हेही लिहिते. मला पेटीत ठेवताना केस आहेत तसे असू द्यावेत. तेल लावून चापून बसवू नयेत.

४. कपाटाच्या वरच्या खणात एक रीळ आणि बिस्किटांचा डबा आहे. १९७९ साली माझ्या एका सहकारणीने बेळगावला आमच्या अंगणात आईला बोलते केले, त्याची ही फिल्म. आई सांगते, तिच्या आजीच्या आईला आफ्रिकेतून जहाजाने गोव्यात आणून विकले. मालकाने मारिया नाव ठेवले. त्या नावाला तिने कधी ओ दिली नाही. मार खाल्ला, पळाली, घाट चढून रानातल्या सिद्द्यांत, तिच्यासारख्याच आफ्रिकी लोकांत, राहिली. मग आई तिचे खरे नाव सांगते.

धाकट्या भावाचे, श्रीधरचे, तेव्हा शैलाशी लग्न ठरत होते. तो म्हणाला, "आक्का, शैलाच्या घरचे ही फिल्म बघणार. निदान ते आफ्रिकेपासून खऱ्या नावापर्यंतचं काढ. अकरा सेकंद तर आहेत."

मी कापले. माझ्या धंद्यात अकरा सेकंद रोज कापतात. दुसरी प्रत नाही. फिल्म पाहून आई एवढेच म्हणाली, "मी मध्येच गप्प बसले होते का गं?"

तो तुकडा डब्यात आहे.

या मार्चमध्ये यामिनीने आम्हां सर्वांना, मला आणि तिच्या आईवडिलांना, इथे गुलामांच्या वंशजांवरचा एक सिनेमा दाखवला. शेवटी ती माणसे आफ्रिकेच्या किनाऱ्यावर परततात. बाहेर येऊन तिने विचारले, "आत्या, आपलं कुणी होतं?"

"कुणी नाही," श्रीधर म्हणाला. मी कोटाची बटणे लावत राहिले.

म्हणून रीळ, डबा आणि फिल्म जोडायचे यंत्र यामिनीला. माझ्यामागे श्रीधरने तिच्यासमोर तुकडा जागेवर जोडावा. नाव मी इथे लिहीत नाही. ते आईच्या तोंडून ऐकावे.

साक्षीसाठी बोलावलेल्या भावजयीने, शैलाने, इथवर वाचून चष्मा काढला.

"वन्सं, मला ठाऊक आहे. साखरपुड्यालाच सासूबाईंनी सांगितलं. नावासकट."

"आणि यामिनीला कधी बोलली नाहीस?"

"मला वाटलं, तुम्हां दोघांना नकोय."

सदतीस वर्षे. मी चहा ठेवला.

५. कलम चारमध्ये दुरुस्ती. माझ्या मरणाची वाट पाहू नये. रविवारी यामिनी ती राहते त्या एर्लांगेन शहरातून येते आहे. तुकडा मीच कापला, मीच जोडीन. श्रीधरने समोर बसावे.

सही : साधना आत्माराम शिरोडकर
साक्षीदार : १. शैला श्रीधर शिरोडकर (वाचून) २. कपिल, शेजारी (सायकलीपुरते वाचून)
फ्रँकफर्ट, १२ मे २०१६