रगडा, आदोळी आणि एक शून्य

आई, मी कॉलेजात नेमकं काय शिकवते हे तू एकदा विचारलं होतंस आणि मी ‘कॉम्प्युटर’ एवढंच सांगून मोकळी झाले होते. आज नीट सांगते, कारण दुपारी जे झालं ते सांगायला दुसरं कुणी सुचत नाही. विषयाचं नाव ऑपरेटिंग सिस्टिम. एका यंत्रात ढीगभर कामं एकदम चालू असतात. पाळी कुणाची, थांबायचं कुणी, हे बघणारी ती व्यवस्था. मुलांना अधूनमधून प्रोग्राम लिहून द्यावे लागतात, मध्ये चाचण्या, शेवटी लेखी. लायब्ररीत पुस्तकाच्या प्रती मोजक्याच, म्हणून नोट्स, जुन्या प्रश्नपत्रिका, सरावाची उदाहरणं असं सगळं मी कोर्सच्या पानावर घालून ठेवते. त्याच पानावर मीच ठळक अक्षरांत एक नियम लिहिलाय: दोन प्रोग्राम सारखे आले, तर नक्कल कुणी केली ते कळेपर्यंत दोघांनाही शून्य. आणि मोठ्या प्रोग्रामला शून्य म्हणजे विषय गेलाच. तेव्हा हा नियम लिहून मी स्वतःवर खूश होते.

या विषयात डेडलॉक नावाचा धडा आहे. एकाने एक वस्तू धरून ठेवलेली, दुसऱ्याने दुसरी; दोघांनाही समोरच्याची हवी, आणि सोडत कुणीच नाही. यंत्र ठप्प. तो शिकवताना मी दरवर्षी आपली चवथ सांगते. कारापूरचं मूळ घर, गणपतीला सगळे भाऊ तिथे, आणि त्या वर्षी तुझा नि धाकट्या काकीचा अबोला. तू वाटायच्या रगड्यापाशी बसलीयस, मसाला अर्धा वाटून झालाय, आता खोबरं कातायला आदोळी हवी. काकी नारळ कातायच्या आदोळीवर बसलीय, तिचं थोडं कातून झालंय, ते वाटायला रगडा हवा. पण अजून नारळ उरलेत, उठली तर आदोळी जाईल. तू उठलीस तर रगडा जाईल. दोघींनी तोंडात मिठाची गुळणी धरलीय आणि बाहेर घुमट वाजतंय, आरती संपत आलीय. मग तूच उठतेस. अर्धा मसाला वाडग्यात काढतेस, रगडा धुतेस आणि भिंतीला सांगतेस, “रगडो रिकामो आसा.” नैवेद्य गेला, सगळे जेवले, आणि तुझं कालवण मागे राहिलं म्हणून आत्या म्हणाली, “थोरलेचा कधी वेळार होणा नाय.” सदांच तूच कित्याक, दरवेळी तूच का, असं मी तुझ्या मागे लागून विचारत राहिले. “आसूं दे गो,” तू म्हणालीस, “कोण तरी उठल्याबगर निवेद कसो जातलो?” आणि वर मलाच दटावलंस, मोठ्यांच्या मधी तोंड घालू नको म्हणून.

मुलं हे ऐकून हसतात आणि परीक्षेत धडा बरोबर लिहितात. डेडलॉक सोडवायला यंत्र एका कामाला मागे सारतं, त्याचं झालेलं काम वाया जातं. पुस्तकात त्या कामाला बळी म्हणतात. आजवर हा शब्द मी हसतच फळ्यावर लिहीत आले.

या खेपेस दोन मोठे प्रोग्राम सारखे आले, चुकासुद्धा सारख्याच. एक वास्कोच्या मुलाचा, एक पार्सेच्या मुलीचा. आठवडा झाला, दोघं गप्प. गुण भरायची मुदत उद्या संपते. आज दुपारी मुलगी एकटीच आली, दारातच उभी राहिली. “मॅडम, माझ्यावर घाला. त्याची नोकरी ठरलीय, विषय गेला तर ती जाईल. मी पुढच्या वर्षी परत देईन.”

“तू लिहिलास ना तो?” मी विचारलं.

ती जनेलातून बाहेर बघत राहिली. “आसूं द्या, मॅडम.”

आई, तुझा तोच शब्द, आणि मान वळवायची रीतही तीच. विभागप्रमुखांना फोन केला तर ते म्हणाले, “तिनं कबूल केलं ना? सुंठीवाचून खोकला गेला. भरून टाका.” खरंच सोपं होतं ते. पण पुस्तकात त्याच पानावर खाली एक ओळ आहे, ती मी एका गुणाला विचारते: दरवेळी एकालाच मागे सारू नये, त्याचं काम कधीच पुरं होत नाही. डिचोलीला तुझी शिवणाची परीक्षा होती. काकीच्या बाळंतपणात ती राहिली, ती राहिलीच. ही ओळ इतकी वर्षं शिकवताना मला ते कधी आठवलं नाही.

उद्या सकाळी दोघांनाही लॅबमध्ये बोलावलंय. माझ्यासमोर बसून त्याच प्रोग्राममध्ये बदल करून दाखवायचा. ज्याने लिहिलाय त्याला जमेल. मुदत टळली तर जाब मी देईन. फोनवर मुलगी म्हणाली, “कित्याक मॅडम, मिटलं होतं ना?”  आणि मला भीती वाटतेय. तिलाच जमलं नाही तर? मी तिच्यात उगाच तुला बघत असेन तर? जमलं, तर त्या मुलाची नोकरी माझ्या हातून जाईल. संध्याकाळपासून चहा दोनदा केला आणि दोन्ही वेळा निवला.

तू गेलीस, आता हे कुठे धाडणार, ठेवते असंच. फक्त एक सांगायचं राहिलं. दुपारी ती दारातून वळली, तशी मी तिच्या नावापुढे शून्य भरलं होतं. नंतर खोडलं. पण भरलं तेव्हा मला हायसं वाटलं होतं, आई. तू रगड्यावरून उठलीस, तेव्हाही वाटलं होतं. मला भूक लागली होती.