दोघींचं ठरलं होतं

१२ जाने., सोम.
कडाक्याची थंडी. ओपीडीत निम्म्याहून जास्त सर्दी-खोकला. एकालाही अँटिबायोटिकची गरज नव्हती, दिलं नाही. वाफ, पॅरासिटामॉल, आणि तीन दिवसांत ताप उतरला नाही किंवा धाप लागली तर लगेच परत या. दोघं तोंड वाकडं करून गेले. जाऊ देत. पुढच्या चौकात वंदनाच्या दवाखान्यात गेले तरी हेच ऐकतील. गरज नसताना अँटिबायोटिक द्यायचं नाही, हे दीड वर्षापूर्वी दोघींनी मिळून ठरवलं. एकटीने नाही म्हटलं की पेशंट दुसरा दवाखाना गाठतात. हॉस्टेलला एका खोलीत काढलेल्या वर्षांचा एवढा तरी उपयोग.

१४ जाने.
संक्रांत. वं. तिळगूळ घेऊन आली. निवांत बसली, दोन चहा. माझे पेशंट कमी झालेत, तिचे नाहीत. तिचं बोलणं गोड, म्हणून असेल, असं मीच म्हटलं. ती हसली.

१९ जाने.
लताबाई. मखमलाबादला शेवंती लावतात, पहाटे फुलबाजारात असतात. चार दिवस लघवीला जळजळ, आता थंडी वाजून ताप, कंबर दुखते. आधी लघवी कल्चरला, जंतूंच्या तपासणीला पाठवली, मग गोळी सुरू. गुरुवारी बोलावलंय.

२२ जाने.
ताप हटलेला नाही. रिपोर्ट आला. तोंडाने घ्यायच्या एकाही गोळीला जंतू दाद देत नाहीत. माझी गोळीही त्यातच. आता इंजेक्शनच. दाखल करायला सांगितलं. भावाला बोलावलं तोवर बाकावर बसल्या होत्या, म्हणून विचारलं, गेल्या वर्षभरात कुठल्या गोळ्या घेतल्या?
आधी काहीच नाही म्हणाल्या. मग,
"सर्दीला तुम्ही नाय देत ना बाई. मंग त्या चौकातल्या बाईंकडं जाते. त्या पुडीत बांधून देतात. लय लवकर आराम पडतो."
कोणत्या बाई हे विचारायची इच्छा नव्हती. विचारलं. चौकात दुसरी डॉक्टरबाई आहेच कुठे.
पिशवीतून त्यांनीच पुडी काढून दिली. दोन गोळ्या घेऊन बरं वाटलं, बाकीच्या पुढच्या सर्दीसाठी ठेवलेल्या. कापलेल्या पट्टीमागे अँटिबायोटिकचं अर्धंच नाव. तेवढं पुरलं.

२३ जाने.
एका पुडीने हे झालं असं म्हणता येणार नाही. मला कळतं. लताबाईंच्या दुखण्याचा दोष वं.च्या दारात टाकता येणार नाही. पण पुड्या तर तिच्याच...

फोन केला नाही. तिचे दोन येऊन गेले.

२४ जाने.
दुपारी तिच्या दवाखान्यात गेले. टेबलावर पुडी ठेवली. तिने नाकारलं नाही. कागदावर काही लिहायचं नाही, कंपाउंडरने आतून द्यायच्या, असं चाललंय. ऑगस्टपासून.
ऑगस्टमध्ये तिने एका मुलाला साधा खोकला म्हणून घरी पाठवलं होतं. तिसऱ्या दिवशी न्यूमोनिया. आठ दिवस आयसीयू. वाचला. बाप दवाखान्यात येऊन नुसता उभा राहिला, म्हणाली.
"त्या दिवसापासून नुसतं घरी जा म्हणायला माझी जीभ रेटत नाही, शुभा."
मला सांगायचं होतंस, म्हटलं.
"तू समजावलं असतंस. मला समजून घ्यायचं नव्हतं."
मुलाचे श्वास मोजायचे, दुसऱ्या दिवशी परत बोलवायचं, हे तिला मी सांगायची गरज नाही. परीक्षेच्या वेळी मलाच तिने शिकवलेलं. उठून आले. चहा आला होता.

२५ जाने.
पुड्यांचा राग कमी आहे. राग कशाचा, तर माझ्याकडून नाराज होऊन गेलेली माणसं तिच्याकडे जात होती आणि ती संक्रांतीला माझ्यासमोर बसून हसली.

२९ जाने.
लताबाईंना घरी सोडलं, आज दाखवायला आल्या. इंजेक्शनं पूर्ण केली, अशक्तपणा आहे. विचारत होत्या, "मंग तुमच्या दोघींत खरं कोणाचं?" सांगता आलं असतं. वं.चं नाव घ्यावं लागलं असतं. सर्दीला ती गोळी लागत नाही, घरात उरलेली तर अजिबात घेऊ नका, एवढंच म्हटलं. घरी अजून एक पुडी होती, तीही मागून घेतली.

४ फेब्रु.
वं.ने एक मुलगी पाठवली, पाच वर्षांची, आईबरोबर. सोबत चिठ्ठी. 'खोकला, ताप दोन दिवस. श्वास मोजले, छाती साफ. काही दिलेलं नाही. एकदा तूही बघ.' अक्षर तेच, हॉस्टेलच्या नोट्सचं.
मीही श्वास मोजले. छाती साफ. पोरगी हसत होती. औषध लागत नव्हतं.
मग आईला विचारलं, तिकडे पुडी दिली का? नाही म्हणाली. परत विचारलं. तरी नाही. पिशवी दाखवा म्हटलं. बाईने उघडली. स्वेटर, पाण्याची बाटली, बिस्किटं. कधी कुठल्या पेशंटची पिशवी बघितली नव्हती मी.
उद्या परत आणा सांगितलं.
संध्याकाळी वं.चा मेसेज. पोरगी कशी आहे? 'बरी आहे' एवढं लिहिलंय. अजून पाठवलेलं नाही.