आईचा कमोड

३ मे

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

पत्राला उशीर झाला म्हणून फुगून बसू नकोस. आईचे गुडघे आता जिना चढू देत नाहीत आणि आमचं संडास-बाथरूम सगळं वर. रोज सकाळी मी पुढे, मास्तर मागे, अशी आमची वरात निघते. म्हणून जिन्याखालच्या सामानाच्या खोलीत तिच्यासाठी कमोड बसवायचं ठरलं. मास्तरांनी शाळेच्या सुट्टीत स्वतः काँक्रीटची जमीन फोडून पाइप टाकला आणि वर पुन्हा काँक्रीट ओतलं. हातांना फोड आले. असा नवरा मुलीला मिळायला भाग्य लागतं, असं आई येईल-जाईल त्याला सांगते.

आता पाइपाच्या तोंडावर फ्लँज, म्हणजे कमोड ज्यावर आवळतात ती चकती, कशी बसवायची ते अडलं आहे. मी तुलाच बोलावणार होते. पण आई म्हणाली, त्याला कामावरून हलवू नका, लिहून विचारा. हे जमलं तर कायम इथेच राहीन म्हणते. नाही जमलं तर तुझं तळमजल्याचं घर आहेच.

लोभ आहेच, तो उत्तर धाडून वाढव.

तुझी धाकटी

८ मे

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

म्हणजे मास्तरांना आता प्लंबिंगही येतं. छान. मी एकतीस वर्षं लोकांच्या आयांसाठी कमोड बसवतोय. असा मुलगा मिळायला भाग्य लागतं, असं आई कधी म्हणाली असेल तर कळव, मला तरी आठवत नाही. तिच्यासाठी खिडकीजवळची खोली रंगवली, धरायला भिंतीला दांडा लावला. सध्या त्या दांड्यावर माझा टॉवेल वाळतो. असो.

कृती अशी. पाइप सरळ कापा, कड घासा. फ्लँज घालून भोकांच्या खुणा करा, मग तो उचलून काँक्रीटच्या ड्रिलने भोकं पाडा. भोकातली धूळ सगळी काढा, नाहीतर स्क्रू धरणारे प्लॅस्टिकचे प्लग घट्ट बसत नाहीत. प्लग ठोकून न गंजणारे स्क्रू घाला आणि समोरासमोरचे आळीपाळीने आवळा. त्यावर फट बुजवणारी मेणाची रिंग, वर कमोड सरळ खाली. एकदा टेकला की हलवायचा नाही, बोल्टही जोर लावून आवळायचे नाहीत. मास्तर शिकलेले आहेत, बाकीचं त्यांना कळेलच.

आईला नमस्कार सांग. माझी आठवण काढत असेल तर तेही कळव.

तुझा दादा

२१ मे

ती. दादास, शि. सा. न. वि. वि.

बसला एकदाचा! तुझं पत्र भिंतीला चिकटवून मास्तरांनी एकेक ओळ वाचत काम केलं. काँक्रीटवर फ्लँज घट्ट केला, मग भोवताली आईच्या पसंतीची निळी फरशी घातली आणि वर कमोड ठेवला. आई स्वतःच्या पायांनी एकटी जाऊन आली. दिवसभर दुसरा विषय नव्हता. शेजारणीला हाताला धरून आणलं आणि पाणी सोडून दाखवलं.

चिडशील, पण लपवत नाही. तिने बाबांचं घड्याळ मास्तरांच्या मनगटावर बांधलं.

कालपासून कमोडच्या बुडाशी ओलं दिसतं. फरशी नवी आहे म्हणून असेल, असं मास्तर म्हणतात. तुझं मत लगेच कळव.

राग आला तरी माया पातळ करू नकोस.

तुझी धाकटी

२६ मे

चि. धाकटीस, आशीर्वाद.

त्या घड्याळाला रोज किल्ली मी द्यायचो. बाबा आजारी होते तेव्हा उशाशी मी बसायचो, मास्तरांचा तेव्हा पत्ताही नव्हता. पण ज्याच्या हाताला फोड येतात त्याचंच कौतुक, माझ्या हाताला घट्टे पडून गेले.

ओल वाळेल.

दादा

४ जून

ती. दादास, सा. न. वि. वि.

ओल वाळली नाही. सोमवारी सकाळी आई त्या पाण्यावरून घसरून पडली. उजवं मनगट मोडलं, प्लॅस्टर घातलं आहे. डोकं वाचलं.

मास्तरांनी तुझं पत्र भिंतीवरून काढलं. आपण कुठे चुकलो ते शोधत पुन्हापुन्हा वाचतात. आईलाही मोठ्याने वाचून दाखवलं. ती म्हणाली, माझ्या मुलाने लिहिलंय त्यात चूक असणार नाही, तुमच्याच हातून काहीतरी झालं. मास्तरांनी मान खाली घालून हो म्हटलं. दोन दिवस जेवले नाहीत. घड्याळही काढून तिच्या उशाशी ठेवलं.

आता आई तुझ्याकडे यायचं म्हणते. पुढच्या रविवारी आणून सोडू. तुझ्या मनासारखं झालं, दादा.

धाकटी

७ जून

श्री. मास्तरांस, स. न. वि. वि.

तुम्ही बरोबर वाचलंत. पत्रात एक ओळ नव्हती. फ्लँज फरशीच्या वर बसायला हवा. आधी फरशी, मग फ्लँज. तुमचा फ्लँज काँक्रीटवर राहिला, फरशी त्याच्याहून उंच झाली, मेण कमोडपर्यंत पोचलं नाही आणि पाणी फटीतून बाहेर आलं.

मी विसरलो नव्हतो. त्या ओळीशी येऊन मुद्दाम पेन थांबवलं. काम बिघडेल, आई वैतागेल आणि माझ्याकडे येईल, एवढाच हिशेब होता. तुमचं कौतुक वाचून माझ्या पोटात दुखत होतं. ओल वाळेल लिहिलं तेव्हाही पाणी कुठून येतंय ते मला ठाऊक होतं. ती पडेल हे मनात आलं नाही. ते यायला हवं होतं, मला तरी.

आईला पाठवू नका. शनिवारी सामान घेऊन येतो, कमोड उचलून फ्लँज वर घेतो. त्याआधी हे पत्र तिला तसंच मोठ्याने वाचून दाखवा. एकही ओळ गाळू नका. माझ्यावर दया करून तुम्ही गाळाल, म्हणून लिहितो.

मग तिने मला दार उघडायचं नाही म्हटलं, तर मागच्या दाराने घ्या. काम झालं की तसाच निघेन.

लोभ मागायला तोंड नाही. उरला असेल तर असू द्या.

आपला मेहुणा