कलम तेवीस

४ मार्च, सकाळी ७.१०
आजपासून रोज लिहिणार. मोठे उद्योजक लिहितात. पुढे आत्मचरित्राला बरं पडतं.
निर्णय झाला. कपडे अल्टर करून देणाऱ्या त्या कंपनीची फ्रँचायझी घ्यायची. नोकरी सुटून पाच महिने झाले, पेपरातली कोडी तरी किती सोडवणार? शिवाय आमची ही अठरा वर्षं घराच्या मागच्या खोलीत हेच काम करते. पँट आखूड करणं, चेन बदलणं, कंबर सैल करणं. म्हणजे कारागीर घरचाच. डोकं माझं, हात तिचे. हिला अजून सांगितलेलं नाही. सरप्राइज.

७ मार्च
मावसभाऊ वकील आहे. सही करण्याआधी काय काय बघायचं, ते विचारलं. म्हणाला, करार पूर्ण वाच, जुन्या फ्रँचायझीवाल्याला भेट, हद्द बघ, बाहेर कसं पडायचं ते आधी बघ, आणि घरात विचार. बोहल्यावर चढणाऱ्याला घटस्फोटाचं सांगतो! जळतो, दुसरं काय. जन्मात धंदा केला नाही.
तरी पाचही गोष्टी करणार. घाई माझ्या स्वभावात नाही.

९ मार्च, मंगळवार
दोन बस बदलून जुन्या फ्रँचायझीवाल्याचं दुकान पाहून आलो. बंद होतं. भर दुपारी दुकान बंद ठेवणं ज्याला परवडतं, त्याचा धंदा काय असेल! शेजारचा चष्मेवाला म्हणाला, तीन महिने शटर वर गेलेलं नाही. तीन महिने सुट्टी! खुशीत परतलो.

११ मार्च
हद्द पाहिली. कंपनी एक किलोमीटरचा गोल देते, त्यात दुसरी फ्रँचायझी देत नाही. पावलं मोजत स्वतः फिरलो. गोलात अर्धा तलाव येतो. तलावात स्पर्धक येण्याची भीतीच नाही. पाय दुखताहेत.

१४ मार्च
करार आला. त्रेपन्न पानं. पहिलं वाचलं, शेवटचं वाचलं. मधला मजकूर सगळीकडे सारखाच असतो. बाहेर पडण्याचं कलम मुद्दाम वाचलं नाही. शुभ कामात अभद्र कशाला?

१५ मार्च, ११.३०
सही केली. प्रत्येक पानावर एक. शेवटच्या दहा तर फारच सुंदर आल्या. एरिया मॅनेजर म्हणाला, इतक्या भराभर सह्या करणारा माणूस पाहिला नाही. अशी दाद क्वचित मिळते.
राहता राहिलं घरात विचारणं. उद्या.

१८ मार्च
हिला सांगितलं. ती कुणाच्या तरी बाहीला टाचण्या लावत होती, चार-पाच तोंडात होत्या. त्या एकेक करून काढल्या आणि करार कुठे आहे एवढंच विचारलं. आनंदाने शब्द सुचले नसावेत.

२१ मार्च
तीन दिवस रोज दुपारी ही करार वाचतेय. खडूने खुणा करतेय. मी म्हणालो, कशाला डोळे शिणवतेस? ती म्हणाली, कापायच्या आधी मापं घ्यायची असतात. मी म्हणालो, आता कापून झालंय. ती म्हणाली, तेच बघतेय किती कापलंत.

२२ मार्च
कलम सतरा: कंपनीने शिकवलेल्या कारागिराशिवाय कोणी दुकानातल्या मशीनला हात लावायचा नाही. कलम तेवीस: माझ्याबरोबर एकाच पत्त्यावर राहणाऱ्या कोणीही असलं काम करायचं नाही.
म्हणजे दुकानात ही चालत नाही आणि घरात हिचं काम चालत नाही. छापण्यात काहीतरी चूक असणार. मॅनेजरला फोन केला. बघू म्हणाला. बघू म्हणजे होकारच.

३० मार्च
मॅनेजर घरी येऊन मागची खोली बघून गेला. त्याच्या कोटाचं अस्तर उसवलं होतं, हिने उभ्या उभ्या शिवून दिलं. वा, काय सफाई आहे, म्हणाला. मग नोटीस दिली. पंधरा दिवसांत खोली बंद.

२ एप्रिल
बाहेर पडायचं तर अनामत जाते, वर दंड. मावसभावाने बत्तिसावं कलम वाचून दाखवलं. वाचताना हसला नाही, हे मला जास्त लागलं.
हिला समजावलं की अठरा वर्षं राबलीस, आता आराम कर. ती म्हणाली, सहा महिने हे घर कशावर चाललंय? मी म्हणालो, बचतीवर. ती म्हणाली, बचत जशीच्या तशी होती, म्हणून तर तुम्हाला अनामत भरता आली.

१४ एप्रिल
दुकानाचं उद्घाटन. आणि हिने पत्ता बदलला. कलमात एकच पत्ता असं म्हटलंय, तर दोन पत्ते करू, म्हणाली. मशीन टेम्पोत घालून बहिणीकडे गेली. बहिणीचं घर हद्दीच्या बाहेर. मशीन उतरवायला मीच हात लावला. मावसभाऊ म्हणाला, घरात खरी वकील ती आहे. मॅनेजरही खूश, सगळं नियमात बसतं.
तात्पुरतंच आहे. माझा जम बसला की कंपनीच मला विचारून नियम बदलेल.

२६ एप्रिल
गर्दी वाढतेय. आज अकरा माणसं आली. अकराही जणांनी बाई कुठे गेल्या, हेच विचारलं. पत्ता सांगून सांगून घसा बसला, म्हणून चिठ्ठ्या लिहून काउंटरवर ठेवल्या. गिऱ्हाइकाला सेवा देणं महत्त्वाचं. कंपनीचा कारागीर दिवसभर मोबाइल बघत बसतो.

९ मे, संध्याकाळी ६
घरात मशीनचा आवाज नाही. दुपारी पडलो, डोळा लागला नाही. वाईट वाटतंय. लिहून टाकलं, कोण वाचणार आहे.
हिला फोन केला. म्हणालो, परत ये, करार पाच वर्षांचा आहे, पाच वर्षं अशी कशी काढायची? ती म्हणाली, सही करण्याआधी मला एकदा तरी विचारलं होतंत का? मग म्हणालो, बरं, आता विचारतो.
ती म्हणाली, आत्ता नको, चार गिऱ्हाइकं खोळंबलीत. त्यातल्या दोघांच्या हातात तुमची चिठ्ठी आहे.