दोघी जावांचं घर

९ मार्च, रविवार सकाळ

चिरंजीव भाऊजींना,

वहिनीचे आशीर्वाद. आम्ही तिघी इकडे ठणठणीत आहोत. माझे गुडघे कुरकुरतात, पण ते तुमचे दादा होते तेव्हाही कुरकुरायचे, त्यामुळे ती काही बातमी नाही. तुमची चिमी यंदा सहावीत जाईल. उंची बापाची घेतली आहे आणि जीभ माझी. तुमच्या बायकोची, म्हणजे आमच्या धाकटीची, कारखान्यातली नोकरी सुरळीत चाललीये, औषधाच्या गोळ्यांना कधी मंदी येत नाही म्हणते. तुमचा खोकला कसा आहे? काढा घेत नसाल, ठाऊक आहे मला.

पत्र लिहायला कारण तुम्हीच. गेल्या आठवड्यात तुमची चिठ्ठी आली, तीही हॉस्पिटलच्या पत्त्यावर. घरी पाठवली नाहीत, कारण घरी टपाल धाकटीच्या हाती पडतं. एवढं कळतं हो मला. "वहिनी, घराचं खूळ तिच्या डोक्यातून काढा. दोन बायकांना ते झेपायचं नाही. तुम्ही सांगितलंत तर ती ऐकेल." आमच्या धुलाईखात्यात चादरींच्या ढिगावर बसून मी दोनदा वाचली. सोबतची बाई म्हणाली, काय गं, कोणी गेलं की काय? म्हटलं, नाही बाई, दीर उपदेश करतोय.

तर ऐका. खूळ तिचं नाही, माझं आहे. दादा गेल्यापासून आम्ही चार घरं बदलली. दर वेळी तेच बोचकं, तोच टेम्पो आणि तेच घरमालकाचं "भिंतीला खिळा मारायचा नाही." तुमच्या दादांचा फोटो चार वर्षं फ्रिजवर टेकवून ठेवलाय. फ्रिजचं दार आपटलं की ते पालथे पडतात. गेल्या उन्हाळ्यात एकाच महिन्यात तीनदा पडले. तिसऱ्या वेळी मी धाकटीला म्हटलं, बास झालं, आता खिळा मारायचा आणि आपल्या भिंतीत मारायचा.

मग आठ महिने सुट्टीच्या दिवशी घरं बघायचा उद्योग. एकाने पोहण्याच्या तलावाचं चित्र दाखवलं, जागेवर जाऊन बघितलं तर चार खांब आणि एक कुत्रं. एक खोली वेल्डिंगच्या दुकानावर होती, स्वस्त म्हणजे अगदी स्वस्त, पण आत उभं राहिलं तरी खालच्या ठोकाठोकीने दात वाजायचे. एकाने नुसत्या विटा दाखवून सांगितलं, फरशी, दारं, नळ तुमचं तुम्ही बघा. धाकटी म्हणाली, मग तुम्ही नेमकं काय विकताय, हवा?

आणि मापं! दलाल लोक "दहा बाय बारा" असं म्हणतात जसं काही देवानेच मोजून दिलंय. मी पिशवीत एक चादर घेऊन जायचे. एकवीस वर्षं चादरींना इस्त्री केली आहे, तिची लांबी-रुंदी झोपेतही सांगेन. दलालासमोर जमिनीवर चादर अंथरायची, मग उचलून पुढे अंथरायची. दहा बाय बाराची खोली साडेआठ बाय दहा निघायची. एक जण चिडून म्हणाला, काकू, घर घ्यायला आलात की झोपायला? मी म्हटलं, बाळा, झोपायलाच तर घेतोय. भिंतीवर उलटा हात ठेवला की ओल कळते, वर कितीही रंग फासू दे. ओल्या कपड्यांत जन्म गेला माझा, मला काय शिकवता!

तेव्हा झेपायचं नाही वगैरे भाषा आमच्यापुढे नको.

पहिलं घर घेणाऱ्यांसाठी सरकारची जी योजना आहे, तीत धाकटीच्या नावाने अर्ज भरला होता. माझा पगार हातात रोख, तिची पगाराची चिठ्ठी पक्की, म्हणून तिच्या नावाने. व्याज कमी, सूटही चांगली. अट एकच, घरातल्या कुणाच्याही नावावर आधीचं घर नसावं. ती अट वाचताना धाकटी हसली होती. म्हणाली, जाऊबाई, ही परीक्षा तरी आपण पहिल्या नंबराने पास होणार. मीही हसले. कशी हसले ते माझं मला माहीत.

जानेवारीत उत्तर आलं. धाकटी भाजी निवडत होती, माझे हात पिठात, म्हणून चिमीने पाकीट फोडलं आणि शाळेत धडा वाचतात तसं खणखणीत आवाजात वाचलं. "अर्जदाराच्या पतीच्या नावे सदनिका असल्याने अर्ज नामंजूर." सदनिका म्हणजे काय, तिनेच विचारलं आणि तिनेच उत्तर दिलं. मग म्हणाली, "बाबांचं घर आहे? मग आपण तिकडे का नाही राहत?"

भाऊजी, तुम्ही तिथे असायला हवं होतं. नुसतं त्या पोरीच्या तोंडाकडे बघायला.

धाकटीने हातातली जुडी पूर्ण निवडली. मग मला म्हणाली, "हे तर कंपनीच्या खोलीत राहतात ना? चार जण मिळून?" मी पीठ मळत राहिले. तिने माझ्याकडे बघितलं. "जाऊबाई, तुम्हाला माहीत होतं?"

हो, मला माहीत होतं. आता लिहितेच सगळं, कारण तुमच्या चिठ्ठीत तुम्ही असं लिहिलंय की जणू आपण दोघं एका बाजूला आणि ती दुसऱ्या बाजूला. चार वर्षांपूर्वी डोळे तपासायला म्हणून तुम्ही मला तिकडे, तुमच्या नोकरीच्या शहरात, नेलंत. आधी नोंदणी कचेरीत नेलंत. म्हणालात, वहिनी, घर घेतोय, तिला एकदम चकित करायचंय, साक्षीला घरचं माणूस पाहिजे. मी हरखले. कागदावर तुमच्या नावाखाली आणखी एका बाईचं नाव होतं. मी विचारलं, ही कोण? तुम्ही म्हणालात, ऑफिसातली आहे, कर्जापुरती. मी मानलं. खरं सांगायचं तर मानायचं ठरवलं. नंतर तुम्ही मला चष्मा करून दिलात, म्हणजे घरी सांगितलेलं खोटं पडायला नको. तोच चष्मा लावून हे लिहितेय.

पहिलं वर्ष वाट बघितली, आता बोलवाल, मग बोलवाल. दुसऱ्या वर्षी फोनवर मागे कुणाच्या तरी बांगड्या वाजल्या. तेव्हा मला सगळं कळलं आणि तरी मी तोंड उघडलं नाही. का, ते ऐक. मी लग्न होऊन आले तेव्हा तू नऊ वर्षांचा होतास. तुझी बटणं मी लावली, गोवर मी काढला, आईंचा मार माझ्या पाठीवर घेतला. पोटी काही झालं नाही, तूच होतास. आपल्या पोराला कोण चोर म्हणेल? म्हणून मी त्या लेकीला चार वर्षं फसवलं, जी रोज रात्री माझे गुडघे चोळून द्यायची. याची लाज तुझ्यापेक्षा मला जास्त वाटते रे, कारण मी तिच्या समोर बसून जेवत होते.

दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. चहा ठेवायची, पण कप माझ्यापुढे ढकलायची. मी बोचकं बांधायच्याच विचारात होते. तिसऱ्या दिवशी दुपारच्या सुट्टीत हॉस्पिटलच्या मागच्या दाराशी येऊन उभी राहिली. कारखान्यातून अर्धा दिवस काढून आली होती. हातात वर्तमानपत्राचा तुकडा. म्हणाली, "जुनं घर आहे, तिसरा मजला, लिफ्ट नाही, म्हणून भाव कमी आहे. तुमचे गुडघे जिना चढतील का?" मी म्हटलं, गुडघे नाही चढले तर मी हातांवर चढेन. रडले मी, सांगायला कसली लाज. ती नाही रडली. म्हणाली, चादर घ्या बरोबर.

घर चांगलं आहे. एक खोली, स्वयंपाकघर, आणि चिमीचं टेबल मावेल एवढी गॅलरी. भिंती कोरड्या आहेत. चादरीने मापलं, मालक बोलला होता त्यापेक्षा चार बोटं जास्तच भरलं, असा माणूस आम्हाला पहिल्यांदा भेटला.

कर्ज धाकटीच्या कारखान्याची पतसंस्था देतेय, दोघींच्या नावावर. तिथल्या साहेबांनी विचारलं, तुमचं नातं काय? जावा, म्हटलं. ते म्हणाले, फॉर्मात पती, वडील, मुलगा, बहीण आहे, जाऊ नाही. धाकटी म्हणाली, "मग हाताने लिहा. हप्ते काही फॉर्म भरणार नाही." त्यांनी लिहिलं. फक्त एक कागद मागितला. बाई विवाहित आहे, तेव्हा नवऱ्याची नाहरकत हवी, की या घरावर त्याचा काही हक्क नाही आणि पुढेही तो सांगणार नाही.

तो कागद सोबत जोडलाय. पेन्सिलीने तीन ठिकाणी फुल्या केल्यात, तिथे सह्या करा. परतीच्या पाकिटाला तिकीट लावलंय, म्हणजे तेवढाही खर्च नको. धाकटीला तुमच्या त्या घरातलं काही नकोय, हे तिने मला दोनदा सांगितलं. मला विचाराल तर हवं होतं, पण घर तिचं, शब्द तिचा. चिमीच्या शाळेचं मात्र तुम्ही देताय, ते चालू राहील. तो हिशेब बापाचा आहे.

शनिवार, बावीस तारखेपर्यंत कागद आला पाहिजे. नाही आला तर रविवारी आम्ही तिघी पहिल्या गाडीने तिकडे येतो. चिमीला बाबांचं घर बघायचंच आहे. आणि त्या घराचा पत्ता कधी दिला नाही म्हणून निर्धास्त राहू नका. मजला, दार नंबर, सगळं मला पाठ आहे. तुमच्या त्या खरेदीच्या कागदाखाली साक्षीची सही माझीच आहे.

वर आशीर्वाद लिहिलेत ते खरे आहेत, परत घेत नाही. पण यापुढे हॉस्पिटलच्या पत्त्यावर चिठ्ठी नको. जे लिहायचं ते घरी लिहा, आम्ही दोघी मिळून वाचू.

धाकटीची
मोठी जाऊ