तुम्ही आधी वर आलात

बाबा, तुम्हाला जाऊन इतकी वर्षं झाली की आता मीच तुमच्याहून वयाने मोठी झाले आहे. यंदा पुन्हा पाऊस नाही. गल्लीत टँकर येतो, मी हंडे भरते, घरात आणून ठेवते. माझे यजमान या उन्हाळ्यात गेले. लोक म्हणाले, बाई धीराची, डोळ्याला पाणी नाही. धीर कसला, आत काही हलतच नाही. रविवारी देवळात जाते, गीत सुरू झालं की ओठ हलवते. येत्या रविवारी उपकारस्तुतीची उपासना आहे आणि चर्चच्या पाळकांनी मला साक्ष द्यायला, सगळ्यांपुढे उभं राहून देवाने काय दिलं ते बोलायला, सांगितलं आहे. देवाचे उपकार कशाबद्दल मानू ते सुचेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

माझ्या लहानपणीचा तो दुष्काळ मला आठवतो तो शांततेमुळे. लोकांनी जनावरं विकून टाकली होती, गोठे मुके झाले होते. सहकारी दूध संस्थेत दूधच येईना, तेव्हा तुमचं तिथलं मापाचं काम सुटलं आणि तुम्ही विहिरी खोल करणाऱ्या टोळीत जायला लागलात. त्या दिवशी विहिरीच्या तळाशी तुम्ही दोघेच होतात. तुम्ही, आणि तलवाड्याकडचा तो ऊसतोड्या. ऊसच नव्हता, कारखाना लवकर बंद पडला होता, म्हणून तोही खोदकामावर आला होता. वरून माती सुटायला लागली. माती वर ओढणाऱ्या त्या जुन्या यारीच्या बादलीत एकच माणूस मावायचा. पुढचं तुम्ही आम्हाला एकदाच सांगितलंत. त्याने तुमच्या दंडाला धरून तुम्हाला बादलीत ढकललं आणि म्हणाला, "चढ बे, बघत काय ऱ्हायलास!" तुम्ही वर आलात. बादली पुन्हा खाली जायच्या आत विहिरीची कड ढासळली.

मला ते अजून दिसतं. मी दारात उभी आहे. तुम्ही दगडावर बसला आहात, केसांत माती, कानांत माती. आई त्या टंचाईत अख्खी घागर तुमच्या अंगावर ओतते आहे आणि तुम्ही हातसुद्धा चोळत नाही. रविवारी देवळात सगळे म्हणाले, प्रभूने वाचवलं. तुम्ही उपासना अर्ध्यावर सोडून उठलात. घरी आल्यावर आईला एवढंच विचारलंत, "मला वाचवलं, मग त्याला कावून न्हाई?" आईने चुलीत लाकूड सारलं. तो प्रश्न मला आजही पडतो.

मग तुम्ही त्याच्या बायकोकडे गेलात, मला सायकलवर मागे बसवून. ती अंगणात ज्वारी पाखडत होती. तुम्ही उभ्या उभ्याच म्हणालात, "बाई, तुमच्या घरचं माणूस माझ्यापायी गेलं. जन्मभर कायबी सांगा, म्या फेडीन." तिचं सूप थांबलं. मग म्हणाली, "काय फेडताव? माणूस फेडता येतंय व्हय? त्यानं तुमाला उसनं दिलं न्हाई. दिलं ते दिलं. आता नीट जगा." आणि पुन्हा पाखडायला लागली.

येताना तुम्ही सायकल हातात धरून चालत आलात. मी मागून चालत होते. गावाजवळ आल्यावर म्हणालात, "पाळक कृपा कृपा म्हणत्यात, ती हीच असंल. फुकट मिळती, पर लई जड हाय गं."

पुढच्या वर्षी थोडाफार पाऊस झाला, ऊस आला. दिवाळीनंतर ती बाई तिच्या दोन मुलींना घेऊन आपल्या दारात आली. "म्या टोळीबरोबर तोडीला चालले," म्हणाली. "हितं कुनी न्हाई बघाया, आन् संगं नेल्या तर शाळा बुडती. उन्हाळ्यापस्तोर ठेवून घ्या. फेडायचं म्हनून नगं. जमत असंल तर." आईने आमटीत पाणी वाढवलं.

त्या दोघी माझ्या शेजारी झोपायच्या, एकाच वाकळेत. सकाळी आई भाकरी थापायची आणि तुम्ही दोघींच्या वेण्या घालायचात. तुमच्या त्या राठ बोटांना वेणी काही जमत नव्हती, एक वर जायची, एक खाली, आणि पोरी खुदुखुदु हसायच्या. जेवायला बसलं की तुमची प्रार्थना इवलीशी, "देवा, आज समदी ताटावर हायत. तुझे उपकार." एकदा मी विचारलं, "बाबा, आता बरं वाटतं का तुम्हाला?" तुमच्या दातांत रिबीन होती. ती काढून म्हणालात, "न्हाई. अजून न्हाई. पर बरं वाटायची वाट बघत बसलो, तर यांच्या वेण्या कोन घालील? शाळा भरंल की."

दर हंगामाला त्या यायच्या. दोघी शिकल्या, थोरली दवाखान्यात नर्स झाली. तुम्हाला मातीत ठेवलं तेव्हा त्या माझ्या दोन्ही बाजूंना होत्या. गीत त्यांना येत नव्हतं, तरी शेवटपर्यंत उभ्या राहिल्या. तुम्हाला पुढे कधी बरं वाटलं का, ते मात्र मी पुन्हा विचारलं नाही, आणि तुम्हीही सांगितलं नाही.

आज दुपारी शेजारीण वांग्याची भाजी देऊन गेली. यजमान गेल्यापासून मी ताटावर बसून प्रार्थना केली नव्हती, उभ्यानेच काहीतरी तोंडात टाकायचे. आज बसले. रिकाम्या घरात मोठ्याने म्हणाले, देवा, तुझे उपकार. काही वाटलं नाही. भिंतीला सांगावं तसं झालं. तरी म्हणाले आणि जेवले.

रविवारी काय बोलणार, अजून ठरलं नाही. बहुधा तुमच्या वेण्यांचंच सांगेन. हा कागद कुठे पाठवायचा नाही, हे मला कळतं. एकच सांगायचं राहिलं. भांडं परत द्यायला गेले तेव्हा शेजारणीला मी म्हणाले, भाजी छान झाली होती. खरं तर मीठ फार पडलं होतं, बाबा. कितीतरी महिन्यांनी माझ्या जिभेला चव कळली.