आज आईचं पान वाच

पोरी,

तू अंघोळीला गेलीस तोवर ठकीला घेऊन दुकानात निघालोय. तिला सांभाळायला कोणी नाही म्हणून संध्याकाळचं पुस्तकवाचन रद्द करतेयस, ते फोनवर ऐकलं मी. ग्रंथालयातल्या बाईंना परत फोन लाव आणि येतेय म्हणून सांग. तुझी लेक गिऱ्हाइकाच्या खुर्चीत गोल गोल फिरत मजेत बसेल.

तुझी कादंबरी मी दुकानात आरशापाशीच ठेवली होती. काल दाढी करता करता तिचं कौतुक सांगत होतो, त्या नादात शेजारच्या मास्तरांची अर्धी मिशी उडाली. आधी बोंबलले, मग उरलेलीही काढायला लावली आणि पुस्तक मागून घेऊन गेले.

जेवण झाकून ठेवलंय. मीठ जरा जास्त झालंय. तुझी आई असती तर मला सोडलं नसतं.

पुस्तकात ती आजारी पडते तिथपर्यंत वाचलं, पुढे एकट्याने वाचवेना. आज तेच पान वाच. दुकान लवकर बंद करून आम्ही दोघं पहिल्या रांगेत बसतो. मी रडलो तरी तू थांबू नकोस. रुमाल ठकीकडे दिलाय.

बाबा